जुना फोन, नवा म्युझिक प्लेअर: गाणी भरण्यापासून बॅटरी टिकवण्यापर्यंत

कपाटातला जुना फोन बाहेर काढून गाणी लावली की तासाभरात बॅटरी दहा-पंधरा टक्के उतरते आणि ‘बॅटरी गेली’ असं म्हणून फोन पुन्हा कपाटात जातो. बऱ्याचदा बॅटरी गेलेली नसते. गाणं वाजवणं हे फोनच्या सगळ्या कामांत सर्वांत हलकं काम आहे. चार्ज खातात ती बाकीची कामं: नेटवर्क शोधणं, मेल तपासणं, लोकेशन घेणं, पडदा उजळणं.

२०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ आलं तेव्हा गाणं उलगडण्याचं काम मुख्य प्रोसेसरकडून काढून आवाजासाठी असलेल्या छोट्या, काटकसरी प्रोसेसरकडे देण्याची सोय झाली. त्या वेळच्या नेक्सस ५ या फोनवर, नेटवर्क बंद ठेवून, ६० तासांपर्यंत गाणी वाजतील असं गूगलने जाहीर केलं होतं. त्या फोनची बॅटरी होती २३०० मिलिअँपिअर-तासांची. भागाकार केला तर सरासरी ४० मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह लागतो. आज घराघरांत पडून असलेल्या फोनची बॅटरी सहसा याहून मोठीच असते. म्हणजे फोनकडून गाण्याशिवाय दुसरं काही करून घ्यायचं नाही, एवढं जमलं की दोन-तीन दिवस चार्जरची आठवण येत नाही.

आधी बॅटरी तपासा

फोन काचेच्या टेबलावर उताणा ठेवा आणि कोपऱ्यावर हलकं बोट दाबा. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा नसतानाही फोन डुगडुगत असेल, पडदा एका कडेने उचललेला दिसत असेल किंवा मागचं झाकण फुगीर वाटत असेल, तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्जला लावू नका, झाकण दाबून बसवू नका आणि बॅटरीला टोचून हवा काढायचा विचारही करू नका. आतला वायू पेट घेऊ शकतो. बॅटरी बदलेपर्यंत पुढचं काहीच करायचं नाही.

फोन बरेच महिने पडून असेल तर बॅटरी तळाला गेलेली असते. अशा वेळी फास्ट चार्जर न लावता ५ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा चार्जर लावा आणि अर्धा तास वाट बघा. तोवर पडद्यावर काहीच दिसलं नाही तरी घाबरू नका. खूप उतरलेल्या बॅटरीला सुरुवातीला मुद्दाम अगदी थोडा प्रवाह दिला जातो. मात्र फोन हाताला चटका बसेल इतका तापला तर लगेच काढा.

आता चाचणी. फोन ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करा, सिम काढा, फ्लाइट मोड लावा, वायरचे इअरफोन लावून फोनमध्येच असलेली गाणी निम्म्या आवाजात चालू करा, पडदा बंद करा आणि तीन तास हात लावू नका. १०० टक्क्यांपासून मोजू नका. वरचे काही टक्के बरेचदा फसवे असतात. तीन तासांत ३ ते ९ टक्के उतरले, म्हणजे ताशी १ ते ३, तर बॅटरी कामाची आहे. ताशी ५ किंवा त्याहून जास्त जात असतील, तर मागे काहीतरी चालू आहे किंवा बॅटरी थकली आहे. पुढे सांगितलेला रिसेट केल्यावर हीच चाचणी पुन्हा केली की दोहोंपैकी काय ते कळतं.

एक खूण मात्र निर्विवाद आहे: ३० टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडणं. वय झालेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. पडदा उजळला किंवा आवाज चढवला की जास्त प्रवाह ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं आणि फोन मान टाकतो. यावर सेटिंगचा उपाय नाही, बॅटरी बदलावी लागते. बदलताना जुन्या बॅटरीवर छापलेला मॉडेल क्रमांक जुळवा आणि नव्या बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा. लिथियम बॅटरी दुकानात पडून राहिली तरी म्हातारी होते. पाच वर्षांपूर्वीचा ‘नवा’ माल घेण्यात अर्थ नाही.

फोन रिकामा करणं

इथे क्रम महत्त्वाचा आहे. फोटो, कॉन्टॅक्ट दुसरीकडे उतरवून घ्या. मग सेटिंगमधल्या ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन गूगल खातं काढून टाका. त्यानंतरच फॅक्टरी रिसेट करा. अँड्रॉइड ५.१ पासून चोरीविरोधी कुलूप आलं आहे: खातं न काढता रिकव्हरीतून, म्हणजे बटणं दाबून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून, रिसेट केलात तर फोन चालू होताना तेच जुनं खातं आणि पासवर्ड मागतो. दहा वर्षांपूर्वीचा पासवर्ड कुणाला आठवतो? इथेच कित्येक चांगले फोन कायमचे अडकून पडतात.

रिसेटनंतर फोन सुरू करताना वाय-फाय आणि खातं दोन्ही ‘स्किप’ करता आलं तर करा. प्लेअर अ‍ॅप घेण्यापुरतं खातं घालावं लागलं तर काम झाल्यावर काढून टाका. घेतलेलं मोफत अ‍ॅप चालत राहतं. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप ठेवू नये, हेही लक्षात असू द्या.

आता सेटिंगमध्ये एकेक करून:

१. फ्लाइट मोड कायमचा चालू. ब्लूटूथ हेडफोन वापरणार असाल तर फ्लाइट मोड लावल्यावर फक्त ब्लूटूथ पुन्हा चालू करा. दोन्ही एकत्र चालतात.
२. लोकेशन बंद. त्याच पानावर ‘वाय-फाय स्कॅनिंग’ आणि ‘ब्लूटूथ स्कॅनिंग’ अशी दोन बटणं लपलेली असतात, तीही बंद. वाय-फाय बंद दिसत असलं तरी ही चालू राहतात.
३. सतत उजळ राहणारं घड्याळ, फोन उचलल्यावर पडदा उजळणं, आवाजाने जागा होणारा असिस्टंट आणि टचचे आवाज बंद.
४. पडदा १५ किंवा ३० सेकंदांत मिटेल असं ठेवा.
५. नको असलेली अ‍ॅप ‘डिसेबल’ करा. काय आहे हे कळत नसलेल्या सिस्टिम अ‍ॅपला हात लावू नका.

बॅटरी वाचवण्याचा दावा करणारी ‘क्लीनर’ आणि ‘बूस्टर’ अ‍ॅप घेऊच नका. ती दर थोड्या वेळाने बाकीची अ‍ॅप बंद पाडतात, ती अ‍ॅप पुन्हा उठतात आणि या उठाबशांत उलट जास्त चार्ज जातो.

सिम काढण्यावर इतका भर का, तर सिग्नल क्षीण झाला की फोन जास्त ताकदीने टॉवरशी बोलू पाहतो. घाटात, कोकण रेल्वेच्या बोगद्यांमागून बोगद्यांत किंवा लाखोंच्या गर्दीत फोन गरम होऊन भराभर उतरतो तो यामुळेच. सिम नसलं तरी फ्लाइट मोड लागतोच, कारण सिम नसलेला फोनही आणीबाणीच्या कॉलसाठी टॉवर शोधत राहतो.

गाणी मध्येच बंद पडतात तेव्हा

बॅटरी वाचवण्याच्या नादात हमखास होणारी चूक म्हणजे ‘बॅटरी सेव्हर’ लावून ठेवणं. पडदा मिटल्यावर पाच-दहा मिनिटांनी गाणं थांबतं आणि लोक अ‍ॅपला दोष देतात. खरं तर फोननेच अ‍ॅपला झोपवलेलं असतं. सेटिंग, अ‍ॅप्स, तुमचं प्लेअर अ‍ॅप, बॅटरी या वाटेने जा आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. जुन्या अँड्रॉइडवर हेच ‘डोन्ट ऑप्टिमाइझ’ या नावाने असतं. काही कंपन्यांनी याशिवाय ‘ऑटोस्टार्ट’ची वेगळी परवानगी ठेवलेली असते, तीही द्या. शिवाय अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत प्लेअरवर कुलपाचं चिन्ह लावता येत असेल तर लावा. संपूर्ण फोनमध्ये मोकळीक फक्त या एका अ‍ॅपला.

अ‍ॅप कोणतं? व्हीएलसी मोफत आहे, बऱ्याच जुन्या अँड्रॉइडवरही चालतं आणि जवळपास कुठलीही फाइल वाजवतं. म्युझिकोलेट नेटशिवाय चालण्यासाठीच बनवलेलं असल्याने या कामाला विशेष योग्य आहे. पॉवरॅम्पला पैसे पडतात, पण ज्यांना आवाज बारकाईने जुळवायचा असतो त्यांना ते आवडतं. ऑनलाइन गाण्यांचं अ‍ॅप या फोनवर घालू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. डाउनलोड केलेली गाणी नेटशिवाय वाजतात खरी, पण सदस्यत्व पडताळण्यासाठी त्या अ‍ॅपला अधूनमधून नेट द्यावंच लागतं आणि आपण काढून टाकलेलं सगळं ओझं मागच्या दाराने परत येतं.

किती गाणी, कोणत्या दर्जाची

हिशेब सोपा आहे. केबीपीएस म्हणजे बिटरेट, एका सेकंदाच्या गाण्याला लागणारे किलोबिट. १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला सुमारे १ एमबी घेते, ३२० केबीपीएसची सुमारे २.४ एमबी. ३२ जीबीच्या कार्डात १२८ची साधारण ५५० तास आणि ३२०ची साधारण २२० तास गाणी मावतात. सीडीच्या दर्जाची फ्लॅक फाइल (हिच्यात दर्जा न गमावता आकार कमी केलेला असतो) मिनिटाला ५ ते ७ एमबी घेते. त्याच कार्डात ७५ ते १०० तास.

बसमध्ये, चालताना, स्वयंपाक करताना ऐकायचं असेल तर २५६ची एमपीथ्री किंवा एएसी पुरेशी आहे. फ्लॅक संगणकावर मूळ प्रत म्हणून जपा आणि फोनसाठी त्यातून लहान प्रत काढा. उलटं करू नका: १२८ची फाइल ३२०मध्ये बदलली तर जागा अडीचपट जाते आणि आवाजात काहीच भर पडत नाही. जुन्या मोनो ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीतं मोनोतच ठेवा. निम्म्या बिटरेटमध्ये तोच दर्जा मिळतो.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी अ‍ॅपमधल्या दोन सोयी आधी तपासाव्यात. पहिली ‘गॅपलेस’. बऱ्याच सीडींवर विलंबित आणि द्रुत ख्याल दोन वेगळ्या ट्रॅकवर असतात आणि गाणं मात्र अखंड चालू असतं. गॅपलेस नसेल तर नेमका द्रुतच्या तोंडाशी तुटक झटका बसतो. दुसरी सोय जिथे थांबलो तिथून पुढे ऐकण्याची. तासाभराचा राग चाळिसाव्या मिनिटाला सोडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलापीपासून सुरू झाला तर वैताग येतो.

देवनागरी नावांची अडचण वेगळी आहे आणि ती इंग्रजी नावांना सहसा येत नाही. अँड्रॉइडच्या अंतर्गत साठ्यात फाइलचं नाव २५५ बाइटपेक्षा मोठं चालत नाही. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला ३. काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येक वेगळं चिन्ह धरलं जातं. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द आपण चार अक्षरांत वाचतो, पण तो १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा आहे. फाइलच्या नावात गाण्याचे बोल, गायक, संगीतकार, नाटक असं सगळं लिहिलं की संगणकावर चालणारी फाइल फोनवर कॉपी होताना अडते आणि कारणही नीट कळत नाही. नाव तीस अक्षरांच्या आत ठेवा, सुरुवातीला ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्या आणि बाकीची माहिती टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतच गाण्याची माहिती लिहायच्या जागेत, घाला.

टॅगसाठी संगणकावर एमपीथ्रीटॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरा. टॅगचा प्रकार आयडीथ्री २.३, यूटीएफ-१६ निवडला की जुन्या प्लेअरवरही मराठी नीट दिसतं. सर्वांत जुन्या १.० प्रकारात नावाला ३० बाइटच मिळतात, त्यात मराठी बसत नाही. तो काढूनच टाका. टॅगमध्ये विचित्र चिन्हांची रांग दिसत असेल तर ते बहुधा युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. ते पुन्हा टाइप करण्यावाचून सोपा मार्ग नाही. वेगवेगळ्या गायकांच्या संग्रहाला ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये ‘विविध’ असं एकच नाव द्या, नाहीतर एका संग्रहाचे फोनवर पंधरा तुकडे होतात. मुखपृष्ठाचं चित्र ५०० बाय ५०० पिक्सेलपेक्षा मोठं नको.

कार्ड

३२ जीबीपर्यंतची कार्डं सहसा फॅट३२ची, त्यापुढची एक्सफॅटची असतात. या कार्डावर फाइली मांडून ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. अगदी जुन्या फोनला ६४ जीबीचं कार्ड दिसत नसेल तर कारण बहुधा हेच. कार्ड फोनमध्येच फॉरमॅट करा आणि फोनने विचारलं तर ‘पोर्टेबल’ निवडा. ‘इंटर्नल’ केलेलं कार्ड दुसऱ्या कुठल्याही यंत्रात वाचता येत नाही. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या २५६ किंवा ५१२ जीबीच्या कार्डांत प्रत्यक्षात ८ किंवा १६ जीबीच जागा असू शकते. कार्ड पूर्ण क्षमता दाखवतं, गाणी कॉपी झालेली दिसतात आणि वाजवताना अर्ध्याहून जास्त फाइली खराब निघतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री हा प्रोग्राम कार्ड शेवटपर्यंत लिहून पुन्हा वाचून बघतो. दोन-चार तास लागतात, पण गाणी भरण्याआधी हे कराच.

हजारभर गाणी एकदम भरल्यावर फोन थोडा वेळ तापतो, कारण तो प्रत्येक फाइल उघडून यादी बनवत असतो. हे काम चार्जरवर असतानाच उरकू द्या. दुसऱ्या दिवशीही पडदा बंद असताना बॅटरी उतरत असेल तर एखादी तुटकी फाइल यादीकाराला अडवून बसली असण्याची शक्यता आहे. शेवटी भरलेला फोल्डर काढून बघा, मग त्यातल्या फाइली अर्ध्या-अर्ध्या करून परत घाला; खराब फाइल लवकर सापडते. ज्या फोल्डरातले आवाज यादीत नकोत, तिथे सुरुवातीला टिंब देऊन इंग्रजी लिपीत ‘नोमीडिया’ नावाची रिकामी फाइल ठेवायची.

वायर की ब्लूटूथ

चार्जचा विचार केला तर ३.५ मिमीच्या पिनचे साधे इअरफोन सर्वांत काटकसरी. शिवाय एफएम असलेल्या फोनमध्ये ही वायरच अँटेनाचं काम करते, त्यामुळे नेटशिवाय आकाशवाणीही ऐकता येते. जॅक नसेल तर यूएसबी-सी अडॅप्टर लागतो. त्यातल्या काहींत आवाज बनवणारी चिप असते आणि ती फोनच्या बॅटरीवर चालते. गाणं थांबवलं तरी काही अडॅप्टर थोडा प्रवाह ओढतच राहतात, म्हणून ऐकून झालं की अडॅप्टर काढून ठेवायचा.

ब्लूटूथमध्ये एलडॅक हा कोडेक, म्हणजे आवाज आवळून हेडफोनकडे पाठवण्याची पद्धत, ९९० केबीपीएसपर्यंत जातो, पण त्याला जास्त चार्ज लागतो आणि गर्दीत तो तुटतो. तुमच्या फाइली २५६च्या असतील तर एएसी किंवा एसबीसीवर ठेवून काहीही गमावत नाही. हेडफोनच्या नावापुढच्या सेटिंगमध्ये किंवा ‘डेव्हलपर ऑप्शन्स’मध्ये हे बदलता येतं.

इक्वलायझर आणि वेग बदलण्याची सोय लावली की अनेकदा गाणं त्या छोट्या प्रोसेसरकडून पुन्हा मुख्य प्रोसेसरकडे येतं. बेस वाढवायचाच असेल तर वाढवा, पण बॅटरीची चाचणी इक्वलायझर बंद ठेवून आणि लावून अशी दोनदा करून फरक बघा. आवाजाची पातळी निम्म्याच्या थोडी वर, एवढीच बरी. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलच्या आवाजासाठी आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे.

चार्ज कसा करायचा

लिथियम बॅटरीला दोन गोष्टी मारतात: उष्णता, आणि काठोकाठ भरलेल्या अवस्थेत पडून राहणं. दोन्ही एकत्र आल्या की बॅटरी फुगते. म्हणून २० टक्क्यांच्या आसपास लावायचा, ८० ला काढायचा. फोनमध्ये ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याचं सेटिंग असेल तर ते लावून विसरून जा. सभोवतालचं तापमान ३५ अंशांपुढे गेलं की बॅटरीचं आयुष्य घटतं. विदर्भात मे महिन्यात दुपारी चार्ज करण्याऐवजी पहाटे करा आणि गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात फोन कधीच ठेवू नका.

स्पीकरला जोडून घरात कायम एका जागी ठेवलेला फोन सर्वांत धोक्यात असतो, कारण तो महिनोन्‌महिने १०० टक्क्यांवर आणि कोमट राहतो. त्यासाठी प्लगमध्ये लावायचं साधं टायमर घड्याळ घ्या. ३००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला ४० वरून ८० वर जायला १२०० मिलिअँपिअर-तास हवेत. १ अँपिअरच्या चार्जरने, नुकसान धरून, सुमारे दीड तास. टायमर दिवसाआड दीड तास लावला की पुरतं. प्रत्यक्ष वापर बघून वेळ कमी-जास्त करा.

वारीसारख्या लांबच्या वाटेवर पॉवरबँक नेताना त्यावरच्या आकड्याला फसू नका. १०,००० मिलिअँपिअर-तास हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा आहे. तो ५ व्होल्टला चढवताना आणि फोनमध्ये भरताना गळती होते. ३००० च्या फोनला दोन पूर्ण चार्ज धरा. फक्त गाणी ऐकणाऱ्या फोनला तेवढे आठवडाभर पुरतात. आषाढातल्या पावसात फोनचं चार्जिंगचं तोंड भिजलं तर पूर्ण वाळेपर्यंत चार्जरची पिन आत घालायची नाही. ते तोंड खाली करून फोन हलकेच झटका आणि हवेशीर जागी ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याची पूड आत जाऊन बसते.

महिना-दोन महिने वापर नसेल तर निम्म्या चार्जवर फोन पूर्ण बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा पुन्हा ५० टक्क्यांवर आणा. काढलेली जुनी किंवा फुगलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. तिच्या धातूच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायची. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.